नव्याण्णवाचा फेरा

काय दिवस आलेत बघा! पूर्वी बाणेरच्या एखाद्या सोसायटीत संध्याकाळी चार डोकी जमली की स्क्वेअर फुटाचा भाव निघायचा, कोणाच्या मुलाला परदेशात किती पॅकेज मिळालं याची उजळणी व्हायची, फार तर टँकरच्या बिलावरून खडाजंगी. आता निघतात ते नऊ. एक गृहस्थ छाती पुढे काढून सांगतात, "आमच्या सर्व्हरला तीन नऊ आहेत." तोच बाकावरच्या बाई नाक मुरडतात, "तीनच? आमच्याकडे पहिल्यापासून चार आहेत हो."

आणि हे सगळे आयटीवाले असतील असं मुळीच समजू नका. त्यात अपॉइंटमेंटची वही क्लाउडवर नेलेले फिजिओथेरपिस्ट आहेत, दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकणाऱ्या काकू आहेत, टेबलाखालचं खोकं मोडीत काढून टॅली भाड्याच्या सर्व्हरवर बसवलेले सीए आहेत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा हल्ली मेंटेनन्सच्या ॲपबद्दल बोलताना ढगाकडे बोट दाखवतात. खरं तर ते बोट ऐरोली-महापे-रबाळेकडे दाखवायला हवं. आपले बरेचसे ढग तिथेच एमआयडीसीत, डिझेल जनरेटर शेजारी घेऊन उभे आहेत.

तर हे नऊ म्हणजे काय? सर्व्हर महिन्यात किती टक्के वेळ चालू राहील याचं वचन. ९९.९ टक्के म्हणजे तीन नऊ, ९९.९९ म्हणजे चार. ऐकायला कसं भरजरी वाटतं! पण तीस दिवसांच्या महिन्यात तीन नऊ म्हणजे ४३ मिनिटं बंद पडायची मुभा. चार नऊ म्हणजे जेमतेम सव्वाचार मिनिटं. आणि एकटादुकटा सर्व्हर घेतलात, तर ॲमेझॉनसारखी पुढारलेली कंपनीसुद्धा साडेनव्याण्णव टक्क्यांच्या पुढे वचन देत नाही. म्हणजे महिन्याला साडेतीन तासांहून जास्त वेळ तो झोपला, तरी वचनभंग नाही. त्यात गंमत अशी की नऊ एकावर एक रचले की घटतात. वेबसाइट, डेटाबेस आणि पेमेंट अशी तीन नऊवाली तीन कामं एकमेकांवर अवलंबून असली, तर गुणाकारानं उरतात ९९.७. महिन्याला दोन तास गेले. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "गुणाकार का करायचा? बेरीज करा की!"

बरं, वचन मोडलं तर? इथे तर पदर तोंडाला लावायची पाळी येते. समजा तुमचं सर्व्हरचं बिल महिन्याला २,००० रुपये आहे आणि सर्व्हर एका महिन्यात पाच तास मेला. हिशेब होतो ९९.३ टक्के. करारातल्या तक्त्यानुसार दहा टक्के सूट, म्हणजे २०० रुपये. तेही रोख नाही, पुढच्या बिलात वजावट. तीही आपसूक नाही, कधी, किती वेळ, कोणता सर्व्हर, हे सगळं पुराव्यासह लिहून मुदतीत तुम्हीच मागायची. आणि ते पाच तास नेमके वसुबारसेच्या संध्याकाळचे असले, तर काकूंच्या चकल्यांच्या बुडालेल्या ऑर्डरींबद्दल करारात अवाक्षर नाही. फ्लॅट बघायला गेलेला माणूससुद्धा आधी नळ सोडून पाण्याचा जोर बघतो. इथे मात्र ब्रोशरवरचे नऊ मोजून चाव्या घेतात!

आता मोठ्या घरांच्या भानगडी ऐका. हळू बोलते, पण सगळं त्यांनीच जाहीर केलेलं आहे किंवा जगभर छापून आलेलं आहे.

२८ फेब्रुवारी २०१७. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या पसाऱ्यात एक कर्मचारी बिलिंगची काहीतरी कुरबुर निस्तरत होता. थोडे सर्व्हर काढायचा आदेश टाइप करताना चुकला आणि भलतेच जास्त सर्व्हर निघाले. फायली साठवणारी एस-थ्री ही सेवा चारेक तास आडवी. अर्ध्या अमेरिकेच्या वेबसाइटी गप्प. पण खरी लाज पुढे आहे. 'आमच्या सेवा ठीक आहेत का' हे दाखवणारा त्यांचा फलकच त्या एस-थ्रीवर टेकलेला होता! त्यामुळे घराला आग लागलेली असताना फलकावर हिरवे दिवे लागलेले, आणि मालक ट्विटरवर येऊन सांगतायत की फलकाकडे बघू नका. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

गूगलचं ऐका. ऑगस्ट २०१५ मध्ये बेल्जियममधल्या त्यांच्या डेटा सेंटरच्या वीजजाळ्यावर लागोपाठ चार वेळा वीज पडली. त्यात डिस्कवरचा ०.०००००१ टक्के डेटा कायमचा गेला. आकडा नगण्य, पण त्या टिकलीएवढ्या डेटात ज्याचं आख्खं दुकान होतं त्याला टक्केवारी सांगून बघा. याच घरची दुसरी गोष्ट मे २०२४ ची. ऑस्ट्रेलियातला युनिसुपर नावाचा पेन्शन फंड, सहा लाखांवर सभासद. सेटअप करताना एक रकाना रिकामा राहिला, त्यामुळे वर्षानं मुदत संपली असं समजून यंत्रणेनं फंडाचं खासगी क्लाउडच पुसलं. दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेलं होतं ना? दोन्हीकडून पुसलं! फंडवाल्यांनी एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती म्हणून लाज राहिली. एकाच मालकाची दोन गोदामं म्हणजे दोन ठिकाणं नव्हेत. आमच्या बाकावर ही गोष्ट सांगितल्यावर चार नऊवाल्या बाई पहिल्यांदाच गप्प झाल्या.

फ्रान्समध्ये तर अक्षरशः जाळपोळ. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्री स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीची पाच मजली इमारत जळाली. आग आपोआप विझवणारी यंत्रणा तिथे नव्हती, असं अग्निशमन दलाच्या अहवालात आलं. कंपनीच्या संस्थापकांनी ग्राहकांना जाहीर सांगितलं की आपापली आपत्कालीन योजना सुरू करा. कित्येकांनी एकमेकांना विचारलं, कसली योजना? काहींनी बॅकअपचे वेगळे पैसे मोजले होते, आणि तो बॅकअप कुठे होता माहीत आहे? त्याच इमारतीत. एक ग्राहक कोर्टात गेला आणि २०२३ मध्ये कोर्टानं त्याला भरपाई देवविली, पण डेटा काही कोर्टाला देता येत नाही.

आणि खासगी कंपन्यांनाच नावं का ठेवायची? सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या तेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या पेटल्या. सरकारी नोकरांच्या फायली ठेवायची 'जी-ड्राइव्ह' नावाची जागा जळून खाक झाली, ८५८ टेराबाइट. फायली आपल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, इथेच ठेवा, असं बाबूंना सांगितलेलं! आणि दुसरी प्रत का नव्हती? तर म्हणे आकार फार मोठा होता. शिव शिव. आपल्याकडेही २१ नोव्हेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली आणि पाठोपाठ रिझर्व्ह बँकेनं नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवायला लावली. तेव्हा कोरियाला हसताना जरा बेतानं.

बाकी ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनचं व्हर्जिनियातलं तेच खटलं पुन्हा बसलं तेव्हा अमेरिकेत लोकांच्या महागड्या स्मार्ट गाद्या तापून बसल्या, हे तुम्ही वाचलं असेलच. गादीला क्लाउड! यावर मी काही बोलत नाही.

आता डिस्कची कुजबुज, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. ढग म्हटला तरी खाली लोखंड आहे. बॅकब्लेझ नावाची साठवणूक कंपनी आपल्या हार्ड डिस्कांचा मृत्युलेखा नेमानं छापते. अलीकडच्या वर्षांत त्यात वर्षाला सुमारे दीड टक्का डिस्क मरताना दिसतात. शंभरात एखाद-दुसरी. एवढं कोणालाही झेपेल. पण २०१९ च्या नोव्हेंबरात एचपी एंटरप्राइझनं एक घोषणा केली की ऐकणाऱ्याचे कान लाल व्हावेत. त्यांच्या काही एसएसडी, फर्मवेअरच्या चुकीमुळे, बरोबर ३२,७६८ तास चालल्या की मरत. तीन वर्षं, २७० दिवस, ८ तास. मेल्यावर डेटा परत नाही. आता विचार करा, एका शहाण्यानं एक डिस्क गेली तर दुसरी असावी म्हणून जोडीनं डिस्क लावल्या. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून काढून, एकाच क्षणी बटण दाबून. जोडीनंच गेल्या की हो दोघी, एका तासाच्या आत! तरी लोक अजून छातीठोक सांगतात, "आमच्याकडे रेड आहे, बॅकअपची गरज नाही." अहो, रेड म्हणजे डिस्कांची अशीच जोडी, तीत तुम्ही चुकून फाइल पुसलीत तर ती तत्परतेनं दोन्हीकडून पुसली जाते.

मग भरवसा ठेवायचा कोणावर? इथे माझं मत जरा उलटं आहे. जो म्हणतो आमचा सर्व्हर कधीच पडला नाही, त्याच्यापासून चार हात लांब राहा. जो पडल्यावर सगळं चारचौघांत सांगतो, त्याच्याकडे बघा. ३१ जानेवारी २०१७ ला, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरचा खरा डेटा पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पैकी धड एकही उपयोगी पडेना. शेवटी सहा तासांपूर्वी योगायोगानं काढलेली एक प्रत सापडली. आणि ही दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवली! घरची अब्रू अशी अंगणात वाळत घालायची म्हणजे काय! पण पुढे कोण सुधारतं ते अशांच्यातच कळतं. नेटफ्लिक्सवाले तर आणखी पुढचे. त्यांनी 'केऑस मंकी' नावाचं माकड स्वतःच्याच सर्व्हरांवर सोडलं. ऑफिसच्या वेळेत ते वाटेल तो सर्व्हर मारतं, आणि मेल्यावर बाकीचे सांभाळून घेतात का हे माणसं जागी असतानाच बघून घेतात. हे ऐकून सीएंनी कपाळावर हात मारला.

पण त्यांच्याच ऑफिसात नंतर काय निघालं? सर्व्हरखालचं यंत्र खराब होतंय, अमुक तारखेपर्यंत दुसरीकडे हलवा, नाहीतर आम्ही बंद करू, असं क्लाउडवाले आधी ईमेल पाठवतात. सीएंनाही पाठवलं होतं. ते गेलं होतं दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर, कारण खातं त्यानंच उघडलं होतं. सर्व्हर गेला तो शनिवारी. टॅलीची शेवटची प्रत एका पेन ड्राइव्हवर, तोही कारकुनाच्या घरी, निगडीला. जीएसटीची मुदत सोमवारी. सीए पुढे दोन दिवस बाकावर दिसले नाहीत आणि परत आल्यावर त्यांनी नवांचं नाव काढलं नाही.

सेक्रेटरींनी मात्र यातून स्फूर्ती घेऊन परवा सर्वांदेखत ॲपवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

"बॅकअप होतो ना?"

"रोज रात्री होतो सर, ऑटोमॅटिक."

"कुठे ठेवता?"

"तिथेच सर, सर्व्हरवर. सेफ असतो."

"आणि तो परत चढवून बघितलाय का कधी?"

पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "त्याचं वेगळं कोटेशन पाठवतो सर."