पंधरा आकडी मनी

पुण्यात २०२२ सालापासून पाळीव मांजराला महापालिकेचा परवाना लागतो. राहत्या घराचा पुरावा, रेबीजची लस टोचल्याचा दाखला, मांजराचा फोटो आणि वर्षाला पन्नास रुपयांच्या घरात शुल्क. ही बातमी डोंबिवलीशेजारच्या आमच्या कोपरला पोचायला जरा वेळ लागला, कारण जलद गाड्या कोपरला थांबत नाहीत. पण पोचली तेव्हा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची झोप उडाली. पुण्याचं मांजर कागदोपत्री मांजर झालं आणि आपल्या जिन्यातलं अजून नुसतंच मांजर आहे, हे त्यांना सहन होईना. त्यात २०२५ मध्ये चेन्नई महापालिकेने पाळीव कुत्र्यामांजरांना परवाना आणि चिप लावून घ्या, नाहीतर पाच हजार रुपये दंड भरा, असा दम भरला. “महाराष्ट्र मागे पडतोय,” असं म्हणून सेक्रेटरींनी रविवारी सकाळी विशेष सर्वसाधारण सभा लावली. विषय एकच: जिन्यातल्या मांजरीची ओळख निश्चित करणे.

ओळख निश्चित करायची गरज खरोखरच होती. ही मांजर तळमजल्यावर मनी असते. पहिल्या मजल्यावर ती सोनी होते. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी इंग्रजी माध्यमात जात असल्यामुळे तिथे ती ब्राउनी आहे, वास्तविक रंगाने पांढरी असूनही. चौथ्या मजल्यावर तिला नाव नाही, “शुक शुक” आहे, पण बोंबील तळले की तिथेही ती वेळेवर हजर. चारही घरं सांगतात की मांजर आमची. फक्त कोणाच्या स्कूटरच्या सीटवर नखं उमटली, की चारही घरं सांगतात की मांजर तुमची.

तिला हाकलून द्यायचा ठराव आधीच्या कमिटीने एकदा करून पाहिला होता. पण कोणीतरी भारतीय पशु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून नोटीस बोर्डावर लावली. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. बंदी नाही तर निदान नोंद, असा सेक्रेटरींचा विचार. आपल्याकडे कुठल्याही कमिटीचा हाच असतो.

सभेपुढचा पहिला विषय होता गळ्यातला पट्टा. खजिनदारांनी नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली. पहिला दुकानदार चामड्याचा, पितळी बकलाचा पट्टा घेऊन स्वतःच आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “साहेब, मांजर तुटेल, पट्टा तुटणार नाही.” त्यावर सभेने टाळ्या वाजवल्या. प्राण्यांच्या डॉक्टरकडे कामाला असलेली दुसऱ्या मजल्यावरची मुलगी तेवढी उठून उभी राहिली आणि म्हणाली, म्हणूनच हा नको.

तिचं म्हणणं असं. कुत्र्याचा पट्टा कुत्र्याला धरून ठेवण्यासाठी असतो, मांजराचा पट्टा वेळ आली की मांजराला सोडून देण्यासाठी असावा लागतो. मांजर ग्रिलमधून जातं, डक्टमधल्या पाइपावरून चढतं, एसीच्या लोखंडी स्टँडमागे शिरतं. आमच्या भागात तर खिडकीला ग्रिल आणि ग्रिलला बाहेर आलेला पिंजरा नाही, असं घर शोधून सापडायचं नाही. तिथे न तुटणारा पट्टा अडकला तर मांजर गळ्यावर लटकून राहतं. म्हणून जोराचा हिसका बसला की आपोआप उघडणारी क्लिप असलेला पट्टा घ्यायचा. इलॅस्टिकचा घेतला की सुरक्षित, असं दुकानात सांगतात; तो ताणला जातो, मांजराचा पुढचा पाय त्यात शिरतो आणि पट्टा काखेत रुतत जातो. पट्टा आणि मान यांच्यात आपली दोन बोटं जायला हवीत. पिल्लू असेल तर पट्टा सारखा तपासून सैल करावा लागतो, कारण पिल्लू वाढतं आणि पट्टा वाढत नाही. नजर लागू नये म्हणून आजी जो काळा दोरा गाठ मारून बांधतात, तो तर मुळीच नको. आजींना हे पटलं नाही. आजवर बांधलेल्या एकाही दोऱ्याने कधी तक्रार केलेली नाही, असं त्या म्हणाल्या.

घंटेवर आमची सभा उंदरांच्या सभेपेक्षाही लांबली. कबुतरांना रोज दाणे टाकणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना घंटा हवी होती, म्हणजे पाखरांना आधी कळेल. तळमजल्याचा कडाडून विरोध. ड्रेनेजमधून येणाऱ्या उंदरांनाही आधी कळेल, मग आम्ही मनीला दूध कशासाठी घालतो? शेवटी दिवसा घंटा आणि रात्री विनाघंटा अशी तडजोड झाली. ती अमलात कोणी आणायची, हे उंदरांच्या सभेसारखंच राहून गेलं.

मग पट्ट्यावरची पाटी. पाटी पाचच्या नाण्याएवढी. सेक्रेटरींच्या मते तिच्यावर सोसायटीचं पूर्ण नाव, को-ऑप. हौ. सो. लि. सकट, नोंदणी क्रमांकासकट, आणि पत्ता. पत्त्यावरून नवा वाद. मुंबईत कोणी विचारलं तर आम्ही डोंबिवली सांगतो, डोंबिवलीत विचारलं तर कोपर सांगतो, आणि कोपरात विचारलं तर पुढचा प्रश्न येतो, पूर्व की पश्चिम? स्टेशनसुद्धा एकावर एक: खाली कल्याणच्या धीम्या गाड्या, वर दिवा-वसई. शेजारच्या सत्तावीस गावांचं बघा. आमच्या महापालिकेत होती, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये परत घेतली. तिथल्या मांजराच्या पाटीवर पत्ता खोडरबराने लिहावा लागला असता. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने पुन्हा सांगून पाहिलं की पाटीवर फक्त एक चालू मोबाइल नंबर पुरतो. एवढ्या साध्या गोष्टीसाठी सभा बोलावली नव्हती, म्हणून ते इतिवृत्तात आलं नाही.

पण एक अडचण सगळ्यांच्या लक्षात आली. जो पट्टा सुरक्षित, तो हिसका बसला की गळून पडतो. म्हणजे मांजर वाचतं आणि ओळख ग्रिलला लटकते. तेव्हा सेक्रेटरींनी हुकमाचं पान काढलं: मायक्रोचिप.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, जेमतेम १२ मिलिमीटर. डॉक्टर जाडसर सुईने ती मानेखाली, दोन खांद्यांच्या मधल्या कातडीत सोडतात. भूल द्यावी लागत नाही. आत बॅटरी नाही. बाहेरून स्कॅनर जवळ नेला की १३४.२ किलोहर्ट्झच्या लहरींनी ती तेवढ्यापुरती जागी होते, पंधरा आकडे सांगते आणि पुन्हा झोपते. क्वचित सरकते, म्हणून डॉक्टर स्कॅनर खांद्यापासून कोपरापर्यंत फिरवतात (कोपर मांजराचं, आमचा संबंध नाही).

सेक्रेटरींची कल्पना वेगळी होती. एम-इंडिकेटरवर लोकल कुठे पोचली ते दिसतं, तशी मनी मोबाइलवर दिसेल, दिव्याला आहे की मुंब्र्याला. तसं काही होत नाही, हे कळल्यावर ते खट्टू झाले. मांजर कुठे आहे हे चिप सांगत नाही. मांजर कोणाच्या तरी हातात आल्यावर ते कोणतं, एवढंच सांगते, तेही स्कॅनर असलेल्या माणसाला. ठावठिकाणा हवा तर जीपीएसचा डबा गळ्यात बांधायचा, त्याला सिम घालायचं, तो चार्ज करायचा आणि पुन्हा पट्ट्याच्या विषयावर यायचं.

आकड्यांनी मात्र सभा भारावली. माणसाच्या आधारचे आकडे बारा. तबेल्यातल्या म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरही बारा. मनीचे पंधरा! आंतरराष्ट्रीय पद्धतीत पहिले तीन आकडे एकतर देशाचे असतात, भारताचे ३५६. नाहीतर ते ९०० किंवा त्यापुढचे असतात आणि मग ते चिप बनवणाऱ्या कंपनीचे. “म्हणजे मनी कायम की कंत्राटी?” रेल्वेतून निवृत्त झालेल्या आजोबांनी विचारलं. सभेतला हा एकमेव मुद्देसूद प्रश्न.

खरी गोची आकड्यांच्या पुढे सुरू होते. पंधरा आकड्यांत नाव नाही, फोन नाही, पत्ता नाही. ते सगळं कुठल्यातरी वहीत लिहिलेलं असतं. इंग्लंडात १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांवरच्या प्रत्येक पाळीव मांजराला चिप सक्तीची झाली. चिप नसलेलं मांजर सापडलं तर २१ दिवसांत बसवून घ्या, नाहीतर पाचशे पौंडांपर्यंत दंड. कायदा कडक. पण तिथे अशा वह्या वीसहून जास्त आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. आकडा मिळाला तरी मांजर कुठल्या वहीत आहे, हे आधी शोधायचं. आपल्याकडे मांजरांची देशभराची एकच वही नाहीच; डॉक्टर किंवा कंपनी ज्या यादीत घालेल ती यादी, आणि कोणी घातलंच नाही तर मांजराच्या खांद्यात कोणाचाही नसलेला आकडा.

आकडा आहे म्हणजे सगळं आहे, असं मानण्याची सवय आमच्या महापालिका हद्दीला मांजराने लावलेली नाही. इथे ६५ इमारती उभ्या राहिल्या. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांच्यासाठी महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. घर घेणाऱ्यांनी शहाण्यासारखा क्रमांक तपासला. क्रमांक होता. आयुष्याची पुंजी आणि वर कर्ज ओतून लोक राहायला गेले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. स्कॅनर चालला, आकडा दिसला, फक्त वहीच्या पलीकडे कोणी बसलेलं नव्हतं. ज्याने आकडा छापायचा त्याने तो छापला, ज्याने मागचा कागद खरा की खोटा हे बघायचं तो जेवायला गेला होता. शिक्षा मात्र आकडा वाचणाऱ्याला.

या विषयावर सभेत थोडा वेळ कोणी बोललं नाही. आमच्याही इमारतीच्या ओसीची, म्हणजे भोगवटा दाखल्याची, फाइल अजून सापडायची आहे. मग भटक्या मांजरांची नसबंदी झाली की कानाचं टोक किंचित कापतात, ती खूण दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने समजावून सांगितली. स्कॅनर नको, सिम नको, वही नको. लांबून बघितलं की कळतं, हिचं काम झालंय. आजोबांनी विचारलं, ही पद्धत इमारत विकून पसार होणाऱ्यांना लावता येईल का? विषय पत्रिकेवर नसल्यामुळे घेतला गेला नाही.

आता चिपवाल्यांची बाजूही ऐका, कारण ती बरोबर आहे. स्टेशनपासून आमच्या गल्लीपर्यंत मनीला ओळखत नाही असा माणूस नाही. इथे तिला चिप काय, नावसुद्धा लागत नाही. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुतळी बॉम्ब फुटला की मांजर ओळखीच्या हद्दीबाहेर धावतं. आमचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला तो सप्टेंबर २०२१ मध्ये उघडला. ती दोन वर्षं माणसं पूर्व-पश्चिम करायला वळसे घालत होती, मांजरं रुळांवरून सरळ जात होती. पलीकडे गेलेल्या मांजराला ओळखणारं कोणी नसतं. तिथे गळ्यातली पाटी शेजाऱ्याशी बोलते आणि पाटी पडली असेल तर चिप डॉक्टरशी बोलते. दोन्ही हवीत. दोन्हीपैकी एकच परवडत असेल, तर चिप घ्या.

सभेच्या शेवटी चिपच्या अर्जातला रकाना आला: मालकाचं नाव. तोपर्यंत चार मालक होते. मालकाने दरवर्षी रेबीजची लस द्यायची, नसबंदीचा खर्च करायचा, कोणाला ओरखडा आला तर जबाबदारी घ्यायची, हे वाचून दाखवल्यावर पहिला मजला म्हणाला, सोनी अधूनमधून येते, एवढंच. तिसऱ्या मजल्याला आठवलं की आपण भाडेकरू, लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं, आणि चिप आयुष्यभराची. चौथ्या मजल्याने सांगितलं की आम्ही तिला शुक शुक म्हणतो, याचा अर्थच ती आमची नाही. तळमजला बाथरूममध्ये गेला. तेव्हा एकमताने ठराव झाला की मांजर सोसायटीची. शेअर सर्टिफिकेट मिळणार नाही, मेंटेनन्स लागू नाही, मतदानाचा हक्क नाही. हे सगळं चालू असताना मनी सेक्रेटरींच्या स्कूटरच्या सीटवर झोपली होती.

चिप पुढच्याच आठवड्यात बसली. सुई टोचताना मनीने हूं की चूं केलं नाही, बिल बघून खजिनदारांनी केलं. आकडा नोटीस बोर्डावर लावला आहे, पाण्याच्या वेळापत्रकाच्या बाजूला.

वाचकहो, तुमच्या मांजराला चिप असेल तर या वर्षीची रेबीजची लस टोचायला न्याल तेव्हा डॉक्टरांना ती एकदा वाचायला सांगा, आणि नोंदीत कोणाचा मोबाइल नंबर आहे तेही विचारून घ्या. आमच्या मनीच्या नोंदीत खजिनदारांचा आहे. त्यांनी गेल्या महिन्यात सिम बदललं.