वाहनपर्व

भिलाईत जागेची टंचाई आहे असे विधान करणे म्हणजे भूगोलावर अन्याय करणे होय. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून पोलाद कारखाना उभा राहिला आणि त्याच्यासोबत सेक्टरांत आखलेली, रुंद रस्त्यांची व मोकळ्या मैदानांची वसाहतही आली. त्यामुळे येथे संगीत महोत्सवाच्या संध्याकाळी पार्किंगचा जो पेच पडतो, त्याचे मूळ जमिनीपेक्षा मनुष्यस्वभावात शोधणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. ज्या कारखान्यातून २६० मीटर लांबीचे रेल्वेचे रूळ बाहेर पडतात, त्याच्याच छायेत चार मोटारी एका ओळीत उभ्या राहू शकत नाहीत, ही धातुशास्त्राच्या कक्षेबाहेरची समस्या आहे.

नगररचनाकार ‘समतुल्य मोटार जागा’ अशी एक संज्ञा वापरतात. उघड्या मैदानावर एका मोटारीसाठी साधारण २३ चौरस मीटर जागा धरली जाते आणि तीत गाडी वळवण्याच्या वाटेचाही समावेश असतो. या हिशेबाने हजार मोटारींना २३,००० चौरस मीटर, म्हणजे तीन फुटबॉल मैदानांहून थोडी अधिक जमीन लागते. श्रोत्याच्या वाट्याला मात्र एक चौरस मीटरही येत नाही, आणि तेवढ्यातच त्याला गुडघे, पिशवी व शेजाऱ्याचे कोपर सामावून घ्यावे लागते. महोत्सव मुख्यतः मोटारींसाठी भरतो व माणसे त्यांच्यासोबत येतात, असा निष्कर्ष या आकड्यांवरून कोणी काढल्यास तो खोडून काढणे अवघड आहे.

या मोटारींपैकी प्रत्येकीला प्रवेशद्वारालगतच विसावा हवा असतो, कारण गाडी आणि खुर्ची यांतील अंतर हेच प्रतिष्ठेचे माप मानले जाते: जितकी पायपीट कमी, तितका माणूस मोठा. मान्यवरांच्या गाड्यांवरील लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. परंतु प्रतिष्ठेला आश्रय लागतोच, त्यामुळे ती टपावरून खाली सरकून पुढच्या काचेवर पासच्या रूपाने चिकटली. पंडवानी, म्हणजे एकाच कलावंताने तंबुरा हाती घेऊन महाभारतातील सर्व पात्रे उभी करण्याची छत्तीसगढी गायनशैली, ज्यांनी जगभर नेली त्या पद्मविभूषण तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या. त्यांच्या कथेतील दुर्योधन सुईच्या अग्रावर मावेल एवढी भूमीही द्यायला तयार नव्हता. वाहनतळावर मात्र सारी पात्रे दुर्योधनाचीच असतात, आणि शिष्टाईस आलेल्या वाहतूक पोलिसाला श्रीकृष्णाची भूमिका विश्वरूपदर्शनाच्या सोयीविना पार पाडावी लागते.

दुसरा अंक रात्री दहाला सुरू होतो. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावरील ध्वनिक्षेपक एरवी दहाला बंद करावे लागतात, आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत सरकार वर्षातून मोजक्याच दिवशी देऊ शकते. १९५३ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मैफली पूर्वी रात्रभर चालत आणि श्रोते आपापल्या झोपेच्या मगदुराप्रमाणे थोडेथोडे पांगत. आता सगळा समुदाय एकाच मिनिटाला रसिकतेतून बाहेर पडून किल्ली फिरवतो. ज्यांनी समेवर नेमकी मान हलवली, तेच फाटकापाशी हॉर्न वाजवून, आवाज कमी व्हावा म्हणून केलेल्या नियमाचा सामुदायिक निरोप घेतात.

उपाय अज्ञात नाही. फुकट पार्किंग कोणाला तरी महागात पडतेच, हे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. जागेचे शुल्क असे ठरवावे की प्रत्येक रस्त्यावर एकदोन जागा सदैव रिकाम्या राहाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. महोत्सवाला हे सूत्र लावल्यास फाटकालगतची जागा सर्वांत महाग, दूरचे मैदान मोफत आणि तेथून मंडपापर्यंत बस अशी व्यवस्था सहज उभी राहील. अडचण इतकीच की शुल्क ठरवणारे आणि पास बाळगणारे बहुधा एकच असतात. त्यामुळे शुल्काचा पहिला प्रयोग सायकलींवर होण्याचा संभव अधिक, कारण सायकलीला पास चिकटवण्यासाठी काच नसते.