दिसतंय का?

कमरेला चोरून रिव्हॉल्व्हर लावायचं असेल, तर सगळ्यांत आधी पँट दोन इंच सैल घ्यावी लागते. ही साधी गोष्ट हिंदी सिनेमाने आपल्याला कधी सांगितली नाही. तिथला नायक शर्ट मागून वर करतो, हत्यार काढतो, चार भिंतींवरून उड्या मारतो आणि तेवढ्याच सहजतेने ते परत खोचतो. त्याला होल्स्टर लागत नाही, पट्टा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे पोट नसतं. माझ्या मेहुण्याला आहे. तो ह्यूस्टनला राहतो. त्याने रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही उभयता त्याच्याकडे पाहुणे होतो. त्या खरेदीत दरोडेखोराचा विषय पाच मिनिटांत संपला. पुढचे सगळे दिवस मेहुण्याच्या कंबरेवर चर्चा झाली.

रिव्हॉल्व्हर कशाला, असं मी विचारून पाहिलं. "भावजी, इथे सगळ्यांकडे असतं," तो म्हणाला. हेच कारण त्याने याआधी पोहण्याचा तलाव बांधताना आणि ट्रकएवढी गाडी घेताना दिलं होतं, त्यामुळे मी पुढे बोललो नाही.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, वयाची एकवीस पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला पिस्तूल-रिव्हॉल्व्हर जवळ बाळगायला परवाना लागत नाही. तरीही मेहुण्याने परवाना काढला. वर्गात बसला, लेखी परीक्षा दिली, नेमबाजीची चाचणी दिली, बोटांचे ठसे दिले, आणि कार्ड आल्यावर त्याच्या दोन झेरॉक्स काढून एक फाइलला लावली. लागत नाही म्हणून सर्टिफिकेट सोडून द्यायचं, हे मराठी माणसाच्याने होत नाही. परवान्याचा उपयोग अगदीच नाही असंही नाही, तो इतर बऱ्याच राज्यांत चालतो. मेहुणा मात्र इतर राज्यांत फारसा जात नाही.

त्याच्या ऑफिसातल्या एच-वन-बीवर आलेल्या पोरांची गंमत याहून मोठी. अशा व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. पण त्याच्याकडे शिकारीचा परवाना असेल, तर येते. त्यामुळे केकमध्ये अंडं आहे का ते दोनदा विचारणारा सदाशिव पेठेतला एक मुलगा शिकारीचा अधिकृत परवाना पाकिटात बाळगून हिंडतो.

दुकानात जाण्याआधी मेहुण्याने एक्सेलची शीट केली होती. वजन, नळीची लांबी, गोळ्या, किंमत, आणि शेवटचा रकाना "परत विकली तर". काउंटरमागे रुंद टोपीतले एक आजोबा होते. त्यांनी शीटकडे पाहिलं, मेहुण्याच्या पोटाकडे पाहिलं, आणि काचेखालून स्मिथ अँड वेसनचं ६४२ काढून ठेवलं. पाच गोळ्या, नळी दोन इंचांहून किंचित आखूड, फ्रेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. हातात घेतलं तर अर्धा किलो श्रीखंडाच्या डब्याहून हलकं. "सहा का नाहीत?" मेहुण्याने विचारलं. सहावी गोळी घातली की चक्री जाड होते आणि लपत नाही, असं उत्तर आलं. पाच पुरतील का, यावर आजोबा म्हणाले, "ते समोरच्यावर आहे."

या रिव्हॉल्व्हरला घोडा दिसत नाही. तो पूर्ण आत असतो. बाहेर असला तर खिशातून काढताना अस्तरात अडकतो. ही मालिका कंपनीने १९५२ साली काढली. कंपनीची स्थापना १८५२ची, म्हणून मॉडेलचं नावच सेंटेनिअल. आपल्याकडे शताब्दीला स्मरणिका काढतात आणि तीत अध्यक्षांचे फोटो घालतात. तुलनेने यांचा उपक्रम लोकांच्या अधिक उपयोगी पडलेला दिसतो.

आतला घोडा बोटाने मागे ओढून ठेवता येत नाही. म्हणजे प्रत्येक गोळीला चाप पूर्ण ओढायचा, आणि त्याला पाच किलोंहून जास्त जोर लागतो. शिवाय वेगळा खटका वगैरे काही नसतो. हा जडपणा हाच काय तो बंदोबस्त. रागाच्या भरात काही करायचं म्हटलं तर आधी बोटाची तालीम हवी, ही तरतूद मला आवडली.

मेहुण्याला त्याहूनही हलकं हवं होतं. मग आजोबांनी ३४० पीडी दाखवलं. स्कँडियम आणि टायटेनियम, वजन साडेतीनशे ग्रॅमच्याही खाली, आणि त्यात .३५७ मॅग्नमची दांडगी गोळी. मागच्या रेंजवर ते भाड्याने मिळत होतं. मेहुण्याने एक गोळी उडवली, रिव्हॉल्व्हर अत्यंत आदराने खाली ठेवलं आणि बोटं सगळी आहेत ना ते मोजलं. उरलेल्या गोळ्या त्याने मला देऊ केल्या. मी पाहुणा आहे याची त्याला आठवण करून दिली. हत्यार जितकं हलकं तितका हाताला धक्का जास्त. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला टेक्सासमध्येही सवलत नाही. रुगरचं एलसीआर, २००९ सालचं, चापाला मऊ होतं आणि वजनालाही बरं होतं, पण त्याच्या फ्रेमचा काही भाग पॉलिमरचा निघाला. "प्लास्टिकला एवढे पैसे?" मेहुणा माझ्या कानात मराठीत म्हणाला. ६४२ ठरलं.

मग ४४७३ क्रमांकाचा फॉर्म. त्यात एक प्रश्न असा, की आपण कायद्यापासून पळ काढलेले फरारी आहात काय? इतकं प्रामाणिक उत्तर देणारा फरारी असेल, तर त्याला सरकारी नोकरीत घ्यायला हवं.

माझी बायको एव्हाना पर्सच्या विभागात पोचली होती. तिथे रिव्हॉल्व्हरसाठी चोरकप्पा असलेल्या पर्स होत्या. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानेही बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .३२चं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, अर्धा किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, पर्समध्ये मावेल असं. मावेल यात शंका नाही. पण आमच्याकडे पर्समधून घराची किल्ली काढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ हल्लेखोराला बसायला खुर्ची द्यावी लागेल.

एवढं सगळं होऊनही आपण अजून काहीच घेतलेलं नाही, हे होल्स्टरच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर कळलं. चामड्याची होल्स्टरं, कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकची होल्स्टरं. पट्ट्याच्या बाहेरची, पँटच्या आतली, घोट्याची, काखेतली, पोटाला गुंडाळायची. मेहुण्याने पँटच्या आतलं, पुढच्या बाजूचं घेतलं. उभ्याने उत्तम. बसल्यावर रिव्हॉल्व्हरची मूठ पोटात आणि नळी आणखी नाजूक प्रांतात. त्याने जेवायला बसताना श्वास रोखायला सुरुवात केली. मग उजव्या कुशीवर. तिथे गाडीचा सीटबेल्ट आडवा आला. घोट्याचं आणलं, पण घोट्यापर्यंत वाकायचं म्हणजे मधे पुन्हा पोट. काखेतल्यावर कोट हवा, आणि ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात कोट घालून फिरणाऱ्या माणसावर पोलिसांनी संशय घेणंच योग्य.

या पंथातल्या प्रत्येकाच्या घरी नापसंत होल्स्टरांचा एक खण असतो, असं आजोबांनी सांगितलं होतं. मेहुण्याचा खण भरला तेव्हा वहिनींनी नॅपकिन आणि टेबलक्लॉथ दुसरीकडे हलवले.

या सगळ्या दिवसांत घरात एकच प्रश्न घुमत होता. मेहुणा जिन्यावरून उतरायचा, हात वर करून एक गिरकी घ्यायचा आणि विचारायचा, "दिसतंय का?" शस्त्र कुणालाही कळू न देता बाळगायचं, आणि ते कळत नाही ना हे मात्र प्रत्येकाला विचारायचं. त्याने मला विचारलं, माझ्या बायकोला विचारलं, गवत कापायला येणाऱ्या माणसाला विचारलं. एकदा वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "पोट दिसतंय." त्यानंतर तो खिशाकडे वळला.

खिशातलं होल्स्टर खरं तर सगळ्यांत समंजस. चाप झाकतं, आकार पाकिटासारखा दाखवतं. अट एकच, त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही. मेहुण्याच्या खिशात किल्ल्या, सुटी नाणी, घडी केलेले पेपर नॅपकिन, किराण्याची कुपनं आणि आवळा सुपारी असते. ही पाच गोळ्यांची वस्तू तिथे भाडेकरू म्हणून यायची आणि मूळ मालकांनी घर सोडायचं! ते जमेना.

बाहेर पडलं की पाट्या. टेक्सासच्या कायद्यात दुकानदाराने हत्यारबंदीची पाटी कशी लावावी हेसुद्धा ठरवून दिलेलं आहे: मजकूर नेमका अमुकच, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं किमान एक इंच उंच. मी पुण्याचा. पाटीचा मजकूर विधिमंडळात मंजूर होतो हे वाचून मला भरून आलं. लाल अक्षरांतली ५१ टक्क्यांची पाटी वेगळीच. ज्या जागेचं ५१ टक्के किंवा जास्त उत्पन्न तिथेच पिण्याच्या दारूतून येतं, तिथे हत्यार नेणं गुन्हा. म्हणजे कबाब जरा जास्त खपले तर कायदा बदलतो.

शेवटी उपाय सापडला तो गणपतीच्या आदल्या रात्री. मेहुण्याने झब्बा घालून पाहिला. बाजूला खोल खिसे, गुडघ्यापर्यंत घोळ, पोटासकट सगळं गुप्त. त्याने गिरकी घेतली. कुणालाच काही दिसेना. वाकला, बसला, फुगडीचा आविर्भाव करून पाहिला. इतक्या आनंदात मी त्याला ग्रीन कार्ड मिळालं तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग वहिनींनी विचारलं, "मंडळाचा गणपती कुठे आहे?"

शाळेच्या सभागृहात होता. शाळेत हत्यार नेणं हा तिथे सरळ गुन्हा. रिव्हॉल्व्हर तिजोरीत गेलं, झब्बा एकटाच आरतीला आला.

महाप्रसादानंतर एका काकूंनी मेहुण्याला गाठलं. "काय रे, खिशात काय लपवलंयस?"

त्याने पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेले उकडीचे मोदक बाहेर काढले आणि कमालीच्या कुतूहलाने विचारलं, "का हो, दिसत होते?"

"केव्हाचे," काकू म्हणाल्या. "पंगतीपासून."