कोनोकार्पस पुरे!

सोसायटीच्या कुंपणाला कोनोकार्पस, रस्त्याच्या दुभाजकात कोनोकार्पस, रिसॉर्टच्या वाटेला दोन्ही बाजूंनी कोनोकार्पस. सोमालिया-येमेनकडचं हे झाड आपल्या शहरांत इतकं फोफावलं, कारण ते ठेकेदाराच्या सोयीचं आहे. फांदी खोचली की रोप तयार, खारं पाणी चालतं, ऊन सोसतं आणि बारा महिने हिरवं दिसतं. झाडं जगल्याशिवाय बिल निघत नाही, मग हमखास जगणारंच लावलं जातं.

गुजरातनं 2023 मध्ये हे थांबवलं. तिथल्या वनखात्यानं रोपवाटिकांत आणि लागवडीत कोनोकार्पसला बंदी केली. कारणं स्पष्ट दिली: हिवाळ्यात फुलोरा येतो, त्याच्या परागकणांनी सर्दी, खोकला, दमा, ॲलर्जी बळावते. मुळं सांडपाण्याच्या नळात आणि जमिनीखालच्या केबलींत घुसतात. आपण मात्र दर पावसाळ्यात नव्या रांगा लावतोच आहोत.

सदाहरित झाडाला माझा विरोध नाही. भर वैशाखात सावली तेच देतं. पण आपल्याकडे अशा झाडांची कमी आहे का? बकुळ घ्या. गर्द, चकचकीत पानं, छत्रीसारखा घेर. पहाटे झाडाखाली गेलात तर मळकट पांढऱ्या, चांदणीच्या आकाराच्या फुलांचा सडा असतो. प्रत्येक फुलाला मधोमध भोक. सुई लागत नाही, गवताच्या काडीत ओवता येतात, आणि सुकली तरी वास टिकतो. नंतर नारिंगी फळं धरतात आणि बुलबुल, कोकीळ हजर होतात. कोकण किनाऱ्यावर खारा वारा सोसणारी उंडी आहे. सिंधुदुर्गात फेब्रुवारी-मार्चमध्ये खोडाफांद्यांवर फुलांनी लगडणारी सुरंगी आहे. दोन बाजूंना रांगच हवी असेल तर साधा आसुपालवही चांगला. त्याच्या फळांवर रात्री वटवाघळं येतात, कोवळ्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या पोसतात.

‘बकुळ वाढायला वेळ घेते’ हे उत्तर मला ठाऊक आहे. घेऊ दे. पन्नास वर्षांच्या झाडासाठी पाच वर्षं थांबायला काय हरकत आहे? फ्लॅटचे हप्ते वीस वर्षं फेडतोच ना आपण!

एक खबरदारी मात्र घ्या. कुंपणालगतचं कोनोकार्पस उद्याच कुऱ्हाड घेऊन तोडू नका. राज्याच्या 1975 च्या कायद्यानुसार शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती रीतसर मागा, टप्प्याटप्प्यानं काढा, आधी नवी रोपं लावा.

सोसायटीच्या येत्या सभेत बाग-देखभालीचा विषय निघेल तेव्हा फक्त दरपत्रकावर सही करू नका. कोणती झाडं लावणार, त्यांची नावं लेखी मागा. यादीत कोनोकार्पस दिसलं तर तिथंच खोडा आणि बकुळ लिहा.