बँडमास्तर

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कोणी परदेशातून आलं, की बॅगा लिफ्टमध्ये चढायच्या आत बँडमास्तर खाली हजर असतात. "प्रवास कसा झाला?" हे बाकीचे विचारतात. मास्तर विचारतात, "टॅब आणलास? उलटा कर. मागचा नंबर वाच."

आणि मग वीस तासांचा प्रवास करून आलेल्या त्या माणसाने वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभं राहून टॅब पालथा घालायचा आणि पाठीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतलं मॉडेल वाचून दाखवायचं. मास्तर डोळे मिटून ऐकतात. एक सुस्कारा सोडतात. "कितीला घेतलास?" हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तो मुद्दाम त्यानंतर येतो.

असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक असतोच. कुठे तो पाण्याच्या टीडीएसचा असतो, कुठे गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा, कुठे हापूसच्या देठाचा. वस्तू घरात आल्यानंतर, पैसे देऊन झाल्यानंतर, तिच्यात काय कमी आहे ते सांगणं हे त्याचं अवतारकार्य. आमच्या वाट्याला मोबाइलच्या बँडचा, म्हणजे मोबाइल ज्या लहरींवर चालतो त्यांच्या नंबर दिलेल्या पट्ट्यांचा आला.

'बँडमास्तर' या नावाने घोटाळेही होतात. बी विंगमध्ये नवीन आलेलं एक कुटुंब मुलाच्या मुंजीची तारीख घेऊन त्यांच्याकडे गेलं होतं. बँड किती जणांचा आणि तासाला काय घेता, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मास्तरांनी त्यांना बसवून घेतलं, चहा दिला आणि पाऊण तास बँड ३, बँड ५ आणि बँड ४० यांची महती सांगितली. मुंजीत शेवटी सनईची रेकॉर्ड लावली गेली.

मास्तरांचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. घरी फोन यावा म्हणून लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, त्या काळातला हा माणूस. त्यामुळे "मिळणार नाही" हे दोन शब्द ते फार मायेने उच्चारतात. निवृत्तीनंतर बरेच जण भजनाला लागतात. हे बँडला लागले, आणि त्याला कारण झाली त्यांची लेक. तिने २०१२ साली न्यू जर्सीहून 'फोर-जी' असं छापलेला टॅब पाठवला. योगायोगाने त्याच वर्षी एप्रिलात कोलकात्याला आणि पुढे पुण्यात फोर-जी सुरू झालं. मास्तरांनी अख्ख्या सोसायटीला पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. सिम घातलं. टॅबवर थ्री-जी. गच्चीत नेला, थ्री-जी. पर्वतीवर नेला, तरी थ्री-जी. शेवटी खोकं शोधून भिंगाखाली धरलं. लेकीचा टॅब अमेरिकेतल्या ७०० मेगाहर्ट्झवाला, आणि आपल्याकडचं फोर-जी २३०० वर. कंपनीला बोल लावायची सोय नव्हती. सगळं खोक्यावर लिहिलेलं होतं, फक्त ते वाचायला टपालतिकिटांचं भिंग लागत होतं.

त्या दुःखात त्यांना आधार दिला ऑस्ट्रेलियाने. त्याच वर्षी तिथे 'वाय-फाय + फोर-जी' या नावाने आयपॅड विकला जात होता आणि तिथलं फोर-जी होतं १८०० वर. आयपॅडला ते ऐकूच येत नव्हतं. तिथल्या ग्राहक आयोगाने अ‍ॅपलला कोर्टात खेचलं आणि कोर्टाने २२.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. ही कथा मास्तर सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतात. मध्येच उठलेलं त्यांना चालत नाही.

पण हे असं देशादेशांत वेगळं का, हे मात्र ते फार सुंदर सांगतात. "हवेतली जागा म्हणजे वाड्यातल्या खोल्या," ते म्हणतात. "प्रत्येक देशाच्या सरकारने आपापल्या वाड्यात भाडेकरू ठेवले. कुठे लष्कर, कुठे टीव्ही, कुठे पोलिसांचे वायरलेस. मोबाइल सगळ्यांच्या शेवटी आला. ज्या देशात जी खोली रिकामी, तिथे त्याची वळकटी. अमेरिकेत ७०० मध्ये टीव्ही राहायचा. २००९ साली तो डिजिटल झाला, त्याची वरच्या बाजूची जागा सुटली, तिथे फोर-जी आलं. आपल्याकडे ती खोली तेव्हा उघडलीच नव्हती." मग थोडं थांबून, "आता तुझा टॅब फक्त त्याच खोलीची किल्ली घेऊन आलाय. आपल्या वाड्यात कुठलं कुलूप उघडणार?"

खोल्यांचे स्वभावही त्यांना पाठ आहेत. ८५० म्हणजे घरचा माणूस, भिंती ओलांडून थेट स्वयंपाकघरात येतो. २३०० दारातूनच "आहात का?" विचारतो आणि ओ यायच्या आत जिना उतरतो. आमच्या बेडरूममध्ये रेंज का नाही, याचं इतकं पटणारं उत्तर मला कस्टमर केअरने कधी दिलेलं नाही.

तपासणी बघण्यासारखी असते. मेव्हण्याने ह्यूस्टनहून आणलेला आमचा टॅब मी त्यांच्याकडे नेला तेव्हा त्यांनी आधी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. स्क्रू काढायचे नव्हते, पण अंथरलं. किल्ल्यांच्या जुडग्यातून सिमची सुई काढली, शर्टाला पुसली आणि बारीकशा भोकात अशी टोचली की माझ्याच दंडाला झिणझिण्या आल्या. सिमचा ट्रे बाहेर आला. तो त्यांनी बशीत ठेवला. मग भिंगातून नंबर, मग वहीत रकाने. डावीकडे टॅबचे बँड, उजवीकडे आपल्याकडचे, आणि जिथे जुळेल तिथे लाल बॉलपेनने बरोबरची खूण. आमच्या पानावर दोन खुणा झाल्या.

"थोडक्यात, पत्रिका जुळत नाही," तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. त्या आपला टॅब मांडीवर घेऊन रांगेत बसल्या होत्या.

मास्तर पक्के बुद्धिवादी, घरात पंचांगही ठेवत नाहीत. पण ही उपमा त्यांना इतकी आवडली, की त्या दिवसापासून ते गुणच सांगू लागले. आजींचा टॅब छत्तीसपैकी चार गुणांचा निघाला. "मंगळ आहे का?" आजींनी विचारलं. होता. तिथल्या कंपनीचं लॉक होतं, दुसऱ्या कुणाचं सिम तो घरात घेईना. आजींनी टॅब पदराने पुसला आणि घरी नेला. त्याला आज सात वर्षं झाली. रोज रात्री साडेआठला त्या सॅन होजेच्या नातवाशी बोलतात, तो दुधात सीरियल बुडवत असतो, त्या त्याला "पोळी खा" म्हणतात. सगळं घरच्या वाय-फायवर. त्या टॅबने सोफ्यापासून दारापर्यंतचाही प्रवास केलेला नाही. त्यात सिम घालायची वेळच आली नाही.

मास्तरांची शोकांतिका तिथे आहे. ते कधीही चुकत नाहीत, आणि त्याने कुणाचंही अडत नाही.

एक काळ मात्र खरोखर त्यांचा होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि फुकटच्या सिमसाठी रांगा लागल्या. ते नेटवर्क नुसतं फोर-जीचं, खाली थ्री-जीची पायरीच नाही. म्हणजे तोवर थ्री-जीवर सुखाने नांदणाऱ्या परदेशी टॅबचे बँड नाही जुळले, तर ते ठार बहिरे. रविवारी मास्तरांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. काकूंनी पोह्यांचं पातेलं बदललं. सिंहगड रोडवरून माणसं यायची. जपानच्या सहलीला निघालेल्यांना ते '१, ३, १९' असं लिहिलेली चिठ्ठी द्यायचे. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आयांना डिंकाच्या लाडवांच्या डब्यांदेखत विचारायचे, "तुमच्या टॅबला १२ आणि १३ आहेत का? नाहीत? मग हाय-वेवर अडकाल." त्या माउलींनी लाडू मात्र एकाला दोन डबे घेतलेले असायचे.

त्यांचा खास राग होता टॅब कानाला लावणाऱ्यांवर. २०१० मध्ये सॅमसंगचा सात इंची टॅब आला तेव्हा आपल्याकडे त्याच्यावरून फोन करता यायचा आणि लोक तो गालाला पोळपाट लावल्यासारखा धरून रस्त्याने चालायचे. अमेरिकेत विकलेल्या त्याच टॅबमधून कॉलची सोय काढलेली होती. "तिकडच्यांना लाज असते," एवढंच मास्तर म्हणायचे.

पुढे हळूहळू गर्दी ओसरली. टॅबच शहाणे झाले. एकाच मॉडेलमध्ये तीस-तीस बँड यायला लागले, पत्रिका बघायचं कामच उरलं नाही. सरसकट प्रेमविवाह. मास्तर खाली यायचे, नंबर ऐकायचे आणि "चालेल" म्हणून परत जायचे. "चालेल" म्हणताना त्यांचा आवाज उतरलेला असायचा.

परवा ई विंगच्या जोशीबुवांचा मुलगा आला तो नवा आयपॅड प्रो घेऊन. मास्तरांनी वर्तमानपत्र अंथरलं. सुई काढली, पुसली. टॅब हातात घेऊन एक कड बघितली, दुसरी बघितली, गोल फिरवला. खाच सापडेना. २०२४ पासून त्या आयपॅडला सिमची खाचच नाही, आतच ई-सिम आहे, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायला कोणी धजेना. शेवटी त्यांना एक बारीक भोक दिसलं. सुई पुढे झाली.

"आजोबा, तो माइक आहे," जोशीबुवांची नात म्हणाली. वय वर्षं आठ.

मास्तरांनी सुई जुडग्यात अडकवली. भिंग घडीत मिटलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वाच. सगळे बँड वाच."

पोरीने आपल्या बाबांच्या मोबाइलवर यादी काढली आणि पाढे म्हणावेत तशी वाचत गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ, बारा... चाळीस, एकेचाळीस... सहासष्ट, एकाहत्तर. मास्तरांची बोटं पेरांवर सरकत होती.

"एकतीस?"

तिने पुन्हा खालवर बघितलं. "एकतीस नाहीये."

मास्तरांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर जुनी कळा आली. "साडेचारशे मेगाहर्ट्झ. ब्राझीलच्या खेड्यांसाठी बेतलेला बँड." ते जोशीबुवांकडे वळले. "ब्राझीलला वगैरे जायचा विचार नाही ना तुमचा?"

गुडघ्यांमुळे तीन वर्षांत चतुःशृंगीलाही न गेलेले जोशीबुवा म्हणाले, "नाही हो."

"मग वापरा," मास्तर म्हणाले, आणि वहीत एक फुली मारली.