वगळलेली पाने

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये शोधप्रबंधांतील वाङ्मयचौर्याचे दरपत्रक काढले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, चाळीसपर्यंत सहा महिन्यांत सुधारून आणा, साठपर्यंत वर्षभर थांबा, त्यापुढे नोंदणी रद्द. प्रस्तावना, आभार आणि संदर्भसूची मात्र मोजणीतून वगळलेली. त्यामुळे मार्गदर्शकांच्या ऋणात राहण्याचे काम वर्षानुवर्षे त्याच त्या वाक्यात निर्धास्त चालते.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि टक्क्यांचा धाकच गेला. आता अमरावतीत काय नि अकोल्यात काय, यंत्राचा मजकूर साम्य तपासणीतून अंग चोरून निसटू शकतो. मग ‘जबाबदार वापरा’चे धोरण हवे, त्यासाठी समिती हवी. समितीने मसुदा यंत्राकडूनच लिहून घेतला, तर पकडणार कोण?

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने यंत्राच्या मजकुराच्या ओळखपरेडीचे यंत्र काढून पाहिले. कंपनीच्याच चाचणीत त्याने 100 पैकी 26 यंत्रलेख पकडले आणि माणसांनी लिहिलेल्या 100 पैकी 9 मजकुरांवर आळ घेतला. जुलै 2023 मध्ये ते गुंडाळले.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, रचले. स्वामींना ज्याने पाहिले, त्याला गाठून विचारायचे, ही त्यांची रीत. याउलट चॅटजीपीटीला संदर्भ मागितला, तर ते कधी कधी न छापलेल्या पुस्तकाचा पृष्ठक्रमांकही बसल्या जागी देते.

असली पुस्तके जाऊन बसतात संदर्भसूचीत. म्हणजे मोजणीतून वगळलेल्या पानांवर.