पुनरारंभशास्त्री

कुरकुरणाऱ्या पंख्याचे झाकणही न उघडता 'एकदा बंद करून पुन्हा लावा' असा निर्वाळा देणाऱ्या, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरताना पाहिलेल्या गृहस्थाच्या मनात शास्त्राभ्यासाविषयी एक सूक्ष्म तुच्छता उत्पन्न झाली, तर त्यात नवल नाही. आमच्या मंडळाच्या वेबसाइटचा कारभार पाहणारे गृहस्थ या संप्रदायाचे मुकुटमणी होत. त्यांना सगळे पुनरारंभशास्त्री म्हणतात, आणि तेही या पदवीला किंचित मान तुकवून रुजू होतात.

पत्त्याच्या शेपटीला 2087 हा क्रमांक जोडला की सर्व्हरची कचेरी उघडते. पूर्वी जी कामे काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून करावी लागत, ती 1996 साली अमेरिकेत जन्मलेल्या सीपॅनेलने आणि त्याच्या भाईबंदांनी नुसत्या बटणावर आणून ठेवली. शास्त्रीबुवांनी त्या अफाट दप्तरातले नेमके एकच पान आत्मसात केले. 'रिस्टार्ट सर्व्हिसेस' या मथळ्याखाली अपाची, मायएसक्यूएल, एक्झिम असे कारकून तिथे ओळीने बसलेले असतात. पाने उघडेनात, अपाचीला उठवा. टपाल जाईना, एक्झिमला उठवा. आणि दुखणे कुठले तेच उमगेना, तर सर्वांना क्रमाने बडतर्फ करून त्याच पावली बहाल करा. 'नक्की ना?' अशी पृच्छा पडद्यावर उमटते तेव्हा ते क्षणभर थांबतात. हा थांबा विचारासाठी असतो अशी माझी बरेच दिवस समजूत होती, पण तो चहाच्या घोटासाठी असतो.

वास्तविक अपाचीला सौम्यपणेही नव्याने सुरू करता येते. बसलेली पंगत उठेपर्यंत जुने वाढपी वाढत राहतात, आणि पुढच्या पंगतीला नवे येतात. शास्त्रीबुवांना हे ठाऊक आहे. पण भरली पंगत उठवल्याखेरीज आपण काही केले असे त्यांना वाटत नाही. शिवाय त्या यंत्रात चेकसर्व्हडी नावाचा एक पहारेकरी ठरावीक वेळाने गस्त घालतो आणि निपचित पडलेल्या सेवेला स्वतःच उठवून उभी करतो. शास्त्रीबुवांची निम्मी कीर्ती या मुक्या नोकराची आहे, हे मी मंडळात अद्याप कोणाला सांगितलेले नाही.

दिवाळी अंकाच्या सवलतीच्या नोंदणीचा शेवटचा दिवस होता. रात्री साडेनऊला वेबसाइटने डेटाबेसशी संबंध तुटल्याची कैफियत मांडली आणि मी धावत त्यांच्या घरी गेलो. पलंगावर मांडी, मांडीवर लॅपटॉप, चष्मा कपाळावर. "मायएसक्यूएल रुसलंय," ते म्हणाले आणि बटण दाबले. उठेना. दुसऱ्यांदा दाबले, तरी नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी बोट जरा जोर देऊन टेकवले, जणू त्या बळाचा अंश पलीकडे पोचणार होता. मग त्यांची नजर साऱ्या सर्व्हरलाच झोपवून उठवणाऱ्या दोन बटणांकडे वळली, एक सामोपचाराचे आणि एक दंडाचे, त्यांतले दुसरे ते निवडणार एवढ्यात तिथे आलेली मंडळाच्या चिटणिसांची मुलगी म्हणाली, "काका, लॉग बघितलात का?"

घरात अशी शांतता पसरली, जणू तिने सत्यनारायणाच्या पूजेत पोथीची छापील किंमत विचारली होती.

तिने सर्व्हरचा तो रोजनामा उघडला. डिस्कवर जागा उरलेली नाही, हे एकच वाक्य त्यात ओळीमागून ओळ लिहिलेले होते. ते बिचारे यंत्र दुपारपासून तेच सांगत होते. जागा खाल्ली होती बॅकअपच्या गाठोड्यांनी. मार्चपासून रोजचे एक, 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून शास्त्रीबुवांनी स्वहस्ते राखून ठेवलेले. मुलीने जुनी वीस-पंचवीस गाठोडी काढून टाकली, लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला आणि ती काही न बोलता बाजूला झाली.

शास्त्रीबुवांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, चहाचा घोट घेतला, बटण दाबले. मायएसक्यूएल निमूटपणे उभे राहिले.

"पाहिलंत?" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चौथ्या खेपेला येतंच ते. लोक तिसऱ्यालाच धीर सोडतात."